कर्क्युमिन खलून प्रथिनांचे रंगीत नॅनोतंतू: खलापासून फिल्मपर्यंत

पाण्यात न विरघळणारा रंग प्रथिनाच्या तंतूत बसवायचा, तर नेहमी तो डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात किंवा इथेनॉलमध्ये विरघळवतात आणि थेंबाथेंबाने द्रावणात सोडतात. बहुतेक वेळा थेंब पडल्या पडल्या रंगाचे स्फटिक परत बाहेर येतात. शिवाय तो द्रावक तंतू तयार होण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करतो. दुसरी वाट कोरडी आहे. प्रथिनाची पूड आणि रंगाची पूड एकत्र खलायची, मग ती पूड आम्लात विरघळवायची आणि तापवायची, म्हणजे प्रथिनाचे काही नॅनोमीटर जाडीचे तंतू होतात. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठात निक्लास सोलिन यांच्या गटाने या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. खलताना रंगाचे स्फटिक फुटतात आणि रंग प्रथिनाच्या कणांवर बारीक पसरतो. आम्लात प्रथिन विरघळलं की त्याच्या पाणी टाळणाऱ्या भागांना धरून रंगही द्रावणात येतो.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर कुठल्याही एमएस्सीच्या प्रयोगशाळेत हे जमतं. अडचण येते ती निकाल ओळखताना, कारण कर्क्युमिन हा हळदीतला पिवळा रंग तपासणीच्या निम्म्या यंत्रांना फसवतो. म्हणून पहिल्या दिवसापासून तीन कुप्या चालवा. पहिलीत नुसतं खललेलं प्रथिन, दुसरीत प्रथिन आणि न खलता टाकलेला रंग, तिसरीत दोन्ही एकत्र खललेले. आम्ल, तापमान आणि वेळ तिन्हींना सारखे. खाली ‘पहिली’, ‘दुसरी’, ‘तिसरी’ म्हटलं आहे ते याच कुप्यांना.

कच्चा माल

सुरुवात कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्या भागातून काढलेल्या लायसोझाइमने करा. १२९ अमिनो आम्लांचं, सुमारे १४.३ किलोडाल्टनचं हे प्रथिन शुद्ध पुडीच्या रूपात मिळतं, आम्लात झटकन विरघळतं आणि त्याचे तंतू सरळ, लांब येतात. हात बसला की मग स्वस्त व्हे प्रोटीन आयसोलेटकडे, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रथिनाच्या पुडीकडे वळा. फिल्म करायला ग्रॅमभर माल लागतो, तिथे लायसोझाइम परवडत नाही.

व्हेचा डबा घेताना दोन गोष्टी बघा. त्यावर ‘इन्स्टंट’ लिहिलेलं असेल तर त्यात बहुधा लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ असतो, आणि कर्क्युमिन प्रथिनाऐवजी त्या लेसिथिनला चिकटतं. तसा डबा घेऊ नका. दुसरं म्हणजे प्रथिन आधीच उष्णतेने बिघडलेलं आहे का. थोडी पूड पाण्यात १ टक्का विरघळवा आणि थेंबथेंब आम्ल घालून पीएच ४.६ वर आणा. चांगला माल जवळजवळ निवळ राहतो. दह्यासारखा गाळ बसला, तर तेवढा भाग बिघडलेला किंवा केसीन (दुधातलं दुसरं प्रथिन) आहे असं समजा.

‘डेअरीतलं पनीरचं पाणी फुकट मिळतं, ते का नको?’ हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. पनीर करताना दूध आधी जवळजवळ उकळतात. त्यामुळे आपल्याला हवं असलेलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, म्हणजे व्हेतलं मुख्य प्रथिन, पनीरमध्येच अडकून जातं. उरलेल्या पाण्यात मुख्यतः साखर आणि क्षार. चक्क्याच्या पाण्याचं तेच, कारण दही लावायच्या आधी दूध तापवलेलंच असतं. लातूरकडच्या सोयाबीन पेंडेबद्दलही हेच विचारतात. सोयाच्या प्रथिनाचे पीएच २ वर आखूड, वळवळीत तंतू होतात हे खरं. पण तेल काढल्यावर पेंड वाफेवर भाजलेली असते आणि तिच्यातलं प्रथिन नीट विरघळत नाही.

रंग म्हणून कर्क्युमिन का? ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आम्लात टिकतं, चमकतं, आणि अमोनिया लागला की लाल होतं. मात्र हिंगोली-वसमतची हळद कितीही चांगली असली तरी हळदपूड खलात टाकू नका. तिच्यात रंगद्रव्य शेकडा दोन ते पाच, बाकी बराचसा स्टार्च. तो स्टार्च तापवताना फुगून जेल करतो आणि ‘तंतू झाले’ असा भास होतो. ९५ टक्के शुद्धतेचं कर्क्युमिन विकत घ्या. त्यातही दोन भावंडं, म्हणजे डेमेथॉक्सी आणि बिसडेमेथॉक्सी कर्क्युमिन, मिसळलेली असतात. त्याने इथे बिघडत नाही, पण एका प्रयोगमालेला एकाच बाटलीतला माल वापरा.

पाणी मात्र ऊर्ध्वपातित किंवा त्याहून शुद्धच हवं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बेसाल्टमधून आलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. काचेच्या सामानावर सुकलेला पांढुरका थर ही त्याचीच खूण. साधी धुलाई नळाखाली चालेल, पण शेवटचं विसळणं तीनदा ऊर्ध्वपातित पाण्याने. घरगुती आरओचं पाणीही नको, कारण चवीसाठी त्यात क्षार परत सोडलेले असतात.

खलणं

खल अ‍ॅगेटचा (अकीक दगडाचा) घ्या, ७५ मि.मी.च्या आसपासचा. चिनी मातीचा खल खरबरीत असतो, रंग त्याच्या भोकांत बसतो आणि पुढच्या वेळी पहिल्या कुपीत उतरतो. लोखंडी किंवा पितळी खलबत्ता अजिबात नको. कर्क्युमिन लोह आणि तांबं दोन्ही धरतं, पूड मळकट तपकिरी होते आणि पुढची सगळी रीडिंग्ज वाया जातात. बॉल मिल असेल तर स्टीलऐवजी झिर्कोनियाचे गोळे आणि भांडं वापरा. घरचा मिक्सरही नको, तो पूड तापवतो आणि अर्धी झाकणाला चिकटवतो.

प्रमाण: लायसोझाइम १०० मि.ग्रॅ., कर्क्युमिन २ मि.ग्रॅ. मोलच्या हिशोबाने प्रथिनाच्या दहा रेणूंना रंगाचे साधारण आठ रेणू पडतात. जास्त रंग म्हणजे जास्त चमक, असं होत नाही. ५ मि.ग्रॅ. टाकलं की न विरघळलेला गाळ वाढतो, हाती काही लागत नाही.

शंभर मिलिग्रॅम एकदम ओतू नका. आधी २ मि.ग्रॅ. कर्क्युमिन तळाशी पसरवा, त्यावर साधारण तेवढंच लायसोझाइम घाला आणि मिनिटभर खला. मग खलात जेवढी पूड आहे तेवढीच नवी घालायची, पुन्हा मिनिटभर. असं दुप्पट करत गेलं की पाच-सहा फेऱ्यांत १०० पूर्ण होतात. औषधाच्या पुड्या बांधताना थोडं औषध जास्त साखरेत असंच मिसळतात.

सगळी पूड आत गेली की १५ मिनिटं खला, पण सलग नाही. तीन मिनिटं झाली की थांबायचं आणि स्टीलच्या पातळ स्पॅच्युलाने कडा व बत्त्याचं टोक खरवडून सगळं मध्ये आणायचं. हात आपटायचा नाही. बत्ता दाबून गोल फिरवायचा, मात्रा उगाळतात तसा. पूड बदलताना डोळ्यांना दिसते. पहिल्या मिनिटांत फिक्या पुडीत केशरी ठिपके असतात. सहाव्या-सातव्या मिनिटाला ठिपक्यांच्या जागी रेघा येतात, बत्त्यामागे पिवळी शेपूट उमटते. शेवटी सगळी पूड एकसारखी लिंबासारखी पिवळी होते आणि खलाच्या भिंतीला तलम थर धरते. शंका असेल तर चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर स्पॅच्युलाने दाबून ओढा. केशरी रेघ उमटली तर अजून पाच मिनिटं.

ऋतूप्रमाणे त्रास वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रीजमधली बाटली लगेच उघडली की आत दव धरतं, पूड चिकट होते आणि खलात पापड धरते. बाटली बंदच ठेवून अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उलटं होतं. पूड स्थिर विजेने उडते, प्लास्टिकच्या वजन-बोटीला चिकटते आणि २ मि.ग्रॅ.मधली अर्धी तिथेच राहते. अशा दिवसांत काचेच्या छोट्या तबकडीत वजन करा, पंखा बंद ठेवा. मास्क बाराही महिने घाला. लायसोझाइमची धूळ अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना चांगलीच बाधते.

पहिल्या कुपीचं प्रथिनही रंगाशिवाय तितकाच वेळ खला. हे टाळलं, तर दिसणारा फरक रंगाचा की खलण्याचा, याचं उत्तर देता येत नाही.

विरघळवणं

२५ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. आधी १ मोलरचं द्रावण करून घ्या, त्यातलं २५ मि.ली. पाण्याने १ लिटर करा. पीएच मीटर १.६८ च्या बफरवरही जुळवून घ्या. फक्त ७ आणि ४ वर जुळवलेला मीटर या टोकाला थापा मारतो.

पुडीवर १० मि.ली. आम्ल घाला. जोरात हलवू नका. फेस झाला तर प्रथिन बुडबुड्यांच्या कडेवर बिघडतं. कुपी तळहातांत फिरवत राहा, अर्ध्या तासात तिसरी कुपी पारदर्शक पिवळी व्हायला हवी. आता पीएच परत मोजा. प्रथिनाचे कार्बॉक्सिल गट आम्ल शोषतात, त्यामुळे १० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. लायसोझाइमचा पीएच १.६ वरून १.८ च्या आसपास चढतो. तेवढं ठीक. व्हेच्या बाबतीत ही चढण मोठी आहे. २० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. व्हेला २५ मिलिमोलर आम्ल पुरत नाही, पीएच २ येईपर्यंत वरून १ मोलर आम्ल थेंबथेंब घालावं लागतं. ५० मि.ली.ला दोनेक मि.ली. जाईल असा अंदाज ठेवा, पण थांबायचं मीटर बघून. बहुतेक फसलेल्या व्हे-प्रयोगांचं कारण याच पायरीत सापडतं. आम्ल ठरलेल्या मापाने घातलेलं असतं, पीएच प्रत्यक्षात ३ च्या वर असतो, आणि तापवल्यावर तंतूंऐवजी लापशी मिळते.

१०,००० जी वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. तिसऱ्या कुपीत तळाला फार तर केशरी ठिपका दिसावा. दुसरीत जवळजवळ सगळा रंग तळाला बसतो. खलण्याने काय साधलं ते इथेच उघड दिसतं. वरचं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या पीईएस (पॉलिइथरसल्फोन) फिल्टरमधून गाळा. नायलॉनचा फिल्टर रंग ओढून घेतो. फिल्टरची चकती पिवळीजर्द झाली की समजा रंग तिथेच अडकला.

मग किती रंग आत गेला ते मोजा. २० मायक्रोलिटर द्रावण ९८० मायक्रोलिटर इथेनॉलमध्ये टाका, दहा मिनिटांनी सेंट्रिफ्यूज करून ४२५ नॅनोमीटरवर शोषण बघा. सगळा रंग विरघळला असेल तर आकडा ०.६ च्या आसपास येतो. ०.३ आला तर निम्मा रंग वाटेत गेला. प्रथिनासाठी २८० नॅनोमीटर. लायसोझाइमचं १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली.चं शोषण २.६४ असतं, म्हणजे चाळीसपट डायल्यूट केलेल्या पहिल्या कुपीत ०.६६ यायला हवं. तिसरीत ते थोडं जास्त येईल, कारण कर्क्युमिनही तिथे शोषतं. त्याला प्रथिन समजू नका.

तापवणं

घट्ट झाकणाच्या काचेच्या कुप्या, झाकणात टेफ्लॉनचं अस्तर, आत छोटा चुंबकी दांडा. लायसोझाइमला ६५ अंश सेल्सियस, मंद ढवळणं, २४ ते ७२ तास. व्हेला ८५ ते ९० अंश, पाच तासांपासून पुढे. लायसोझाइमही ८० अंशांवर लवकर होतं, पण तिथे आम्ल साखळ्या जास्त तोडतं. घाई नसेल तर ६५ वरच राहा. कुप्यांना अ‍ॅल्युमिनियमची चांदी (फॉइल) गुंडाळा, कर्क्युमिन उजेडात उडतं. प्रत्येक कुपीचं वजन आधी आणि नंतर करा. झाकणातून रात्रभर पाणी उडालं तर द्रावण नुसतं आटून घट्ट होतं आणि हा घट्टपणा तंतूंच्या नावावर जमा होतो.

वीज जाणार हे धरूनच चाला. ड्राय-ब्लॉक हीटर यूपीएसवर टाकता आला तर उत्तम. नाहीतर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ६५ अंशांचं पाणी तयार ठेवा, तास-दीड तासाचा खंड त्यावर निभतो. एकदा तंतू धरायला लागले की थोड्या थंडाव्याने ते मोडत नाहीत, माल वाचतो. वेळेचा आलेख काढायचा असेल तर मात्र तो प्रयोग रद्द समजा आणि तिन्ही कुप्या नव्याने लावा.

रोज १०० मायक्रोलिटर सँपल काढा आणि ४ अंशांवर ठेवा.

तंतू झाले की नाही

सगळ्यात स्वस्त चाचणीला दोन पोलरायझर पुरतात. जुन्या मोडक्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पोलरायझिंग फिल्म सोलली तरी काम भागतं. दोन तुकडे एकमेकांना आडवे धरले की मधून काळोख दिसतो. मध्ये कुपी धरून हलकेच गोल फिरवा. तंतू असतील तर द्रावणात उजेडाच्या वळणदार रेघा उठतात आणि हात थांबला की विझतात. न तापवलेल्या द्रावणात काळोख तसाच राहतो. तुमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र विभाग असेल, तर बेसाल्टच्या पातळ चकत्या बघायची पोलरायझिंग सूक्ष्मदर्शी तिथे असतेच. सुकलेल्या थेंबाच्या कडेला ओळीत लागलेले तंतू तिच्यात चमकताना दिसतात.

थायोफ्लेविन-टी या दुसऱ्या रंगाची चाचणी ही या क्षेत्रातली नेहमीची. तंतूंना चिकटलं की ४४० नॅनोमीटरच्या उजेडात ते ४८२ च्या आसपास जोरात चमकतं. २५ मायक्रोमोलर थायोफ्लेविन, पीएच ७.४ चं फॉस्फेट बफर, ९९० मायक्रोलिटरमध्ये १० मायक्रोलिटर सँपल. पण ही चाचणी फक्त पहिल्या कुपीवर विश्वासाची. कर्क्युमिन स्वतः ४२० ते ४३० ला शोषतं, म्हणजे थायोफ्लेविनच्या वाट्याचा उजेड खातं, आणि वर ५०० च्या पुढे स्वतःच चमकतं. तिसऱ्या कुपीचा आकडा कमी आला म्हणजे तंतू कमी झाले असं नाही, आणि जास्त आला म्हणजे जास्त झाले असंही नाही.

एफटीआयआरमध्ये, म्हणजे अवरक्त वर्णपटात, दुसरा सापळा आहे. तंतू झाले की प्रथिनाचा अमाइड-१ हा पट्टा १६५० प्रति सें.मी.च्या आसपासवरून १६२०-१६३० कडे झुकतो. कर्क्युमिनचा स्वतःचा पट्टा नेमका १६२८ ला. दोन टक्के रंगाने तो फार उठत नाही, तरी तापवण्याआधीच्या तिसऱ्या कुपीचा वर्णपट वजा केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

एएफएम (अणुबल सूक्ष्मदर्शी) मिळत असेल तर वाद मिटतो. सँपल २५ मिलिमोलर आम्लातच शंभर ते हजारपट डायल्यूट करा, ताज्या सोललेल्या अभ्रकावर ३० मायक्रोलिटर ठेवा, दोन मिनिटांनी पाण्याने हलकेच धुवा आणि नायट्रोजनने सुकवा. आम्लात तंतूंवर धन प्रभार असतो, अभ्रकावर ऋण, म्हणून ते चिकटतात. काही नॅनोमीटर उंच, मायक्रॉनभर लांब तंतू दिसायला हवेत. नुसते गोल ठिपके दिसले तर वेळ कमी पडला. ढिगारे दिसले तर बहुधा डायल्यूट करताना साधं पाणी किंवा बफर वापरलं. व्हेचे तंतू पीएच ५ च्या आसपास प्रभार गमावून एकमेकांना बिलगतात.

किती प्रथिन तंतूंत गेलं हे हवं असेल, तर १०० किलोडाल्टनच्या फिल्टर-नळीत सेंट्रिफ्यूज करा आणि पहिल्या कुपीच्या गाळलेल्या द्रावणाचं २८० चं रीडिंग घ्या. खाली आलं ते सुटं प्रथिन आणि तुटलेले तुकडे, वर राहिले ते तंतू.

फिल्म

इथे व्हेची २ टक्के बॅच घ्या. १ ग्रॅम व्हे, २० मि.ग्रॅ. कर्क्युमिन, दोन वेळा अर्धा-अर्धा ग्रॅम करून खललेलं. तंतू झाल्यावर द्रावण पीएच ३ च्या आम्लपाण्यात डायलिसिस पिशवीत रात्रभर ठेवा, पाणी दोनदा बदला. हे टाळायचा मोह होतो. टाळलं तर फिल्ममध्ये आम्ल साठतं, ती दमट आणि चिकट राहते, आणि पुढे दिलेला अमोनिया आधी ते आम्ल मारण्यातच खर्च होतो. डायलिसिसमध्ये पाणी आत येऊन द्रावण पातळ होतं. पिशवीतलं घनमान मोजा आणि ३०० मि.ग्रॅ. प्रथिन येईल एवढं घ्या, मूळ मापाने ते १५ मि.ली. होतं.

त्यात १० टक्के ग्लिसरॉल ०.९ मि.ली. मिसळा, म्हणजे प्रथिनाच्या ३० टक्के. ग्लिसरॉलशिवाय फिल्म पापडासारखी तडकते, ५० टक्क्यांना ती बोटाला चिकटते. ९ सें.मी.च्या सिलिकॉन साच्यात ओता आणि साचा पाणसळीने सपाट करून घ्या. सुकल्यावर जाडी ४० ते ५० मायक्रॉन भरते. उन्हाळ्यात उघडं ठेवलं तर पृष्ठभाग आधी सुकतो, मधलं पाणी अडकतं आणि कडा वर वळतात. वर सुईने भोकं पाडलेली चांदी लावा आणि दोन दिवस द्या. पावसाळ्यात ४० अंशांच्या ओव्हनला पर्याय नाही.

नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली फिल्म पिवळट हिरवी चमकावी. चमकेत ठिपके दिसले, तर खलणं कमी पडलं होतं.

आता अमोनिया. हळदीत चुना किंवा सवागी मिसळून कुंकू करतात, त्यातला रंगबदल हाच. फिल्मचा १ सें.मी. तुकडा उलट्या बीकरखाली ठेवा, शेजारी दहापट पातळ केलेल्या अमोनियाचे दोन थेंब टिपकागदावर. पिवळा तुकडा कडेपासून आत विटकरी होत जातो. आधी नुसत्या पाण्याच्या दोन थेंबांवर दुसरा तुकडा तपासा, दमट हवेनेही छटा थोडी गडद होते. बीकर उचलल्यावर रंग परत पिवळ्याकडे येतो, पण अल्कलीत कर्क्युमिन तुटत असल्याने पहिल्याइतका कधीच येत नाही. तासभर लाल राहिलेला तुकडा फेकून द्या, त्यावर पुन्हा मोजमाप घेऊ नका.